शेऱ्यासाठी दोन ओळी

कायानीत बाहेर उणे चोवीस,
रिंकमध्ये उणे चार, आणि कॉफी,
जिला फक्त रंगावरून कॉफी म्हणायचं.
सतरा नंबर. नीलो त्योर्मानेन. डावीकडचा फॉरवर्ड.
वय सतरा वर्षं पाच महिने.
उंची कागदावर एकशे ऐंशी,
माझ्या नजरेनं एकशे सत्त्याहत्तर.
कागद नेहमी टाचा उचलून उभा राहतो.

वेग : सात.
पहिल्या तीन ढांगांत आठ, मग गुडघे सरळ होतात
आणि बर्फ दिलेलं थोडं परत मागून घेतो.
हात : सात. उजवीकडून वळताना साडेसात.
फटका : सहा. जाळं सोडून गोलीकडे बघतो.
फळीपाशी ताकद : पाच.
आज दोनदा आपटला, दोनदा उठला,
पण दुसऱ्यांदा उठताना आधी पंचांकडे पाहिलं.
हे मी टिपलं. मग खोडलं.
त्या वयात मीही पाहायचो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
मला पाळणा कुणी दाखवत नाही.
मला दाखवतात करकचून आवळलेल्या नाड्या,
एजंटचं गुळगुळीत कार्ड,
आणि चार मिनिटांची एक फीत,
जिच्यात पोरगा एकदाही चुकत नाही.

मी चुका बघायला दोनशे किलोमीटर येतो.
गोल काय, सॉसेज विकणारी बाईसुद्धा मोजते.
पक हरवल्यावर त्याची पाठ किती वेळ दिसते,
बाकावर येऊन बसला की आधी पाणी की आधी तक्रार,
पास यायच्या आत मान वळते की नाही.
त्याची वळते.
एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या,
परक्या घरात शिरलेल्या मांजरासारखी.
हे शिकवता येत नाही.
गुडघे शिकवता येतात.

दुसऱ्या मध्यंतरात बर्फ सारवायचं यंत्र निघालं.
वर बसलेला सामुली हूस्कोनेन.
बारा वर्षांपूर्वी इथेच, याच कठड्याला टेकून
मी त्याला सगळ्या रकान्यांत नऊ दिले होते.
शेऱ्यात लिहिलं होतं : शंका नाही.
माझ्या शब्दावर घेतला त्याला क्लबनं.
दोन हंगाम, एक खांदा,
मग कुणी फोन उचलेना.
मीही नाही.

तो मला ओळखतो. दर वेळी हात वर करतो,
आणि मी दर वेळी वहीत काहीतरी शोधतो.
आज खाली उतरलो.
विचारलं, सतरा नंबर कसा वाटतो?
त्यानं यंत्र थांबवलं नाही, नुसतं हळू केलं.
"सकाळी सहाला येतो. बहीण सोडते, दुधाच्या ट्रकनं.
मी पाणी मारलेलं असतं, तर आत पाय टाकत नाही.
गोठेपर्यंत उभा राहतो. स्टिक काखेत, हात बगलेत.
बाकी मला काय कळतंय."
पुढे गेला. पूर्ण फेरी मारून परत आला,
मागे ओली, काळी, चकचकीत पट्टी सोडत,
आणि म्हणाला,
"मी टाकायचो."

तिसऱ्या भागात पोरानं काही विशेष केलं नाही.
एक पास दिला, इतका नेमका
की ज्याला दिला त्याला तो कळलाच नाही.
चार-एकनं हरले.
बहीण दारात किल्ल्या वाजवत उभी होती.

गाडी तापायला अकरा मिनिटं लागतात.
पेनची शाई तोंडाच्या वाफेनं सोडवली.
एकूण : सात.
नऊ द्यायचं मी केव्हाच सोडलंय,
त्यात पोरांचा दोष नाही.
शेऱ्यासाठी फॉर्मवर दोन ओळी असतात.
पहिलीत लिहिलं : फेब्रुवारीत पुन्हा पाहावा, परक्या रिंकवर.
दुसरीत : पाणी गोठेपर्यंत थांबतो.

सोमवारी ऑफिसातून फोन येईल,
हा कुठला निकष म्हणून.
येऊ दे.