लूप लाइन

मी वाजवत नाही काही. मी वायरी जोडतो.
चौऱ्याहत्तर साली, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लाकडी स्टेजवर
पहिला जॅक मी खोचला आणि अँप गुरगुरला.
तेव्हापासून भुसावळच्या या बँडमध्ये
कोण आलं, कोण गेलं, मला विचारा.

ड्रमवर मेल्विन रोच, गार्डचा मुलगा.
गिटार तारघरातल्या व्यंकटरत्नमची.
ऑर्गन चर्चचा, उसना; वाजवणारा धनराज भिरूड
केळीच्या वखारीतून थेट यायचा,
पांढऱ्या पट्ट्यांवर चिकाचे काळे डाग.
आणि बेसला अश्फाक पिंजारी,
बापाच्या पिंजणाची तात ऐकत वाढलेला.
म्हणायचा, तात तीच आहे,
फक्त आता कापूस उडत नाही.

गाणी लांब. लोक चहा पिऊन परत यायचे,
गाणं तिथंच.
वरणगावला मागून एकजण ओरडला,
"हाई गाणं कव्हय सरी रे भो?"
धनराज माइकवर म्हणाला, "आते ते सुरू व्हयनं."
थाप नव्हती ती.

मेल्विनचा ठेका सातांचा.
बोदवडकडे जाताना एक सांधा ढिला होता म्हणे रुळाचा,
पॅसेंजर तिथं आठवा ठोका गिळायची.
तो गिळलेला ठोका
त्यानं आयुष्यभर तसाच ठेवला, पोटात.

एकोणऐंशीला तो पर्थला गेला.
प्लॅटफॉर्मवर माझ्या हातात ड्रमची चावी दिली, बोलला काही नाही.
व्यंकटची बदली झाली गुंतकलला.
आमची माणसं भांडणानं कमी
आणि बदलीच्या कागदानं जास्त गेली.
भांडण एकच झालं, पण मोठं:
अठ्ठ्याऐंशी साली दोन लूप लाइन होत्या,
जळगावला धनराजची, इथं अश्फाकची,
पोस्टर एकाच छापखान्यातलं, तारीखही एकच.
मी मात्र एकटा.
संध्याकाळी तिकडच्या वायरी जोडल्या, रात्री इकडच्या,
आणि दोन्हीकडे तेच गाणं ऐकलं, 'एक्केचाळीस दरवाजे',
हतनूरच्या धरणावरचं.
तिकडे पाणी घाईत होतं.

त्या गाण्यात येणाऱ्या प्रत्येकानं एक दरवाजा घातला,
जाताना कुणी काढून नेला नाही.
माझ्या वहीत चौतीस झालेत.
धनराजचे सहा. तो गेला त्या मे महिन्यात
सत्तेचाळीस डिग्री होती,
ऑर्गनच्या पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या,
एक दाबली की तीन वाजायच्या.

आता कीबोर्डवर हर्षाली झांबरे, कॉलेजात फिजिक्स शिकवते.
बेसचा मुलगा सावद्याचा, त्याचं नाव मला राहत नाही.
ड्रमवर कैफ तडवी, वय बावीस.
जुना एकही नाही.
अश्फाक येतो, पुढं खुर्ची टाकून बसतो,
त्याच्या कानात आता कायमची शिट्टी आहे.
काळी दोनमध्ये आहे, म्हणतो,
आणि बँड बेसूर असला तर तिच्याशी ताडून सांगतो.

परवा कैफनं विचारलं, काका, हे सात आले कुठून?
काय सांगू? रूळ जोडून टाकलेत सगळे,
गाडी इस्त्री फिरवल्यासारखी जाते.
त्यानं सांधा ऐकलेलाच नाही.
डब्याचं झाकण उलटं केलं,
मेल्विनच्या चावीनं वाजवत गेलो,
बोदवडपाशी आलो, आणि गिळला.
पोरगं वाकून झाकणाकडं बघत राहिलं.
"पुन्हा," म्हणालं.

पाचदा वाजवला. सहाव्यांदा त्याचा त्यानं.
मेल्विनपेक्षा किंचित लवकर गिळतो. असू दे.

मग उठून अँप लावला.
गाण्याआधी येतो तो, बारीक, पोटातून,
दीपनगरच्या विजेचा हम्,
पन्नास वर्षं मी तो काढून टाकायला बघतोय,
अर्थिंग बदललं, वायरी बदलल्या, अँपही तिसरा.
खुर्चीवरून अश्फाकनं हात वर केला.
कानात शिट्टी असून त्याला हा कसा ऐकू येतो कोण जाणे.
"आला," म्हणाला, "आपला पहिला मेंबर.
करा सुरू."