रोमन लिपीत मुळे

बोल्टनच्या त्या पबात पहिल्यांदा वाजवलं
तेव्हा पोस्टरवर जागा कमी होती.
डेरेक म्हणाला, ऋजुता कापू या,
इथं कुणाच्या तोंडात मावणार नाही.
ऋजुता म्हणजे सरळपणा, हे मी सांगितलं नाही.
उरलं आडनाव. एम, यू, एल, ई.
खाली बारीक: चेलो.

लेडीज अँड जंटलमन, म्यूल!
आणि मी खेचर होऊन स्टेजवर गेले,
पाठीवर माझ्याएवढंच ओझं,
त्यामुळे कुणाला ते खोटं वाटलं नाही.

मध्यंतरात एक म्हातारा आला, हातात अर्धा पाइंट,
म्हणाला, मशीनवरून ठेवलंस ना?
माझा बाप म्यूलवर होता, समोरच्या गिरणीत,
अनवाणी. तेलकट फरशीवर बूट टिकत नसत.
सूत कातत ते यंत्र पुढं यायचं, मागं जायचं,
बाप त्याच्याबरोबर दिवसभर मैलोगणती चालायचा
आणि कुठंच पोचायचा नाही.
मग माझ्या गजाकडे बघून म्हणाला,
तुझंही तसंच.
मी हो म्हटलं.
तेवढ्या संध्याकाळपुरतं आडनाव त्याला देऊन टाकलं.

आईला फोटो पाठवला, तर फलटणहून लगेच:
मुले? कुणाची? किती?
लग्नाचा विषय तिनं पोस्टरमधूनही काढला.
खेचर आहे ते, मी लिहिलं.
ती म्हणाली, शोभतंय.

आमच्यात लिनोस अकॉर्डियन वाजवते. वेल्सची.
तिच्या नावातला पहिला ल
जिभेच्या कडेनं निसटतो, नुसती हवा,
कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा आवाज.
देवनागरीतही तो नाही, मी शोधला.
इथं सगळे तिला लिन म्हणतात. ती ओ देते.

एका रात्री सामान गाडीत भरून झाल्यावर
पार्किंगमध्ये आम्ही अक्षरं बदलून पाहिली.
जीभ मागं वळव, म्हटलं, टाळूला लाव, आणि सोड.
बाळ. केळं. डोळा.
तिच्या ल च्या नादात मी तिचा चष्मा थुंकीनं भिजवला.
मुळे म्हणजे काय, तिनं विचारलं.
झाडाची मुळं, म्हटलं. शिवाय 'तुझ्यामुळे', 'पावसामुळे'.
म्हणजे कारण?
हो, कारणसुद्धा.
ती गप्प झाली. काच पुसत राहिली.
रस्त्यावरून पोलिसांची गाडी हळू होऊन
आमची उघडी तोंडं बघून गेली.

पुढच्या शनिवारी डेरेकचा घसा बसला,
माइक लिनोसकडे आला.
बाजूच्या पडद्याआडून मला दिसलं:
तिनं श्वास घेतला, जीभ मागं वळवली,
टाळूपर्यंत नेली,
आणि ती तिथंच अडकली.
मुऱ्... मुरे!

लोकांनी ते आपापल्या सोयीनं ऐकलं.
मला एकानं विचारलं, स्कॉटिश आजोळ का?
महिनाअखेरीला नवं पोस्टर आलं, मध्ये दोन आर,
शेवटी ए, वाय. चेलो तसाच, बारीक.

आईला फोटो पाठवला.
बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा.
मग फोनच आला.

मरे?
अगं, असलं अभद्र कुणी भिंतीवर लिहितं का?
त्यापेक्षा ते खेचर बरं होतं.