शिलाई बाकी

बॅरेजची मोजणी चालली होती त्या साली
एक इंजिनिअर कोट टाकून गेला माझ्या दुकानात.
बाह्या दोन बोटं कमी करा, म्हणाला, गुरुवारी येतो.
कॉलरच्या आत बसलेली एक माशी.
मी झटकली. उडाली नाही.
अंगठ्यात घुसली तेव्हा कळलं, हिच्या पोटात गळ आहे.

कोंबड्याच्या मानेचं पीस, तपकिरी रेशमाचे सात वेढे,
शेवटची गाठ कुठं लपवलीय ते भिंगातूनही दिसेना.
वीस वर्षं काजं करत होतो मी सारंगखेड्यात,
माझ्या काजाला नाव ठेवणारा भेटला नव्हता,
त्या गाठीपुढं मला माझ्याच बोटांची लाज वाटली.

गुरुवार आला, गेला. खूप गुरुवार गेले.
रात्री मशीनवर झाकण घालून मी माश्या बांधू लागलो.
पहिल्या तीस झुरळांसारख्या झाल्या.
द्वारका म्हणाली, "घरमा माश्या कमी शेतस का?"

दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे उतरले,
तिथं एका व्यापाऱ्याकडं शेपटीचे केस मागितले.
"घोड्याचे घे," तो म्हणाला, "घोडीचे नको,
तिच्याच मुतानं कुजतात ते."
मुठीजवळ बारा पदर, मग नऊ, मग सहा,
टोकाला दोनच. पांढरी वेणी वळत गेलो.
काठी तोरणमाळकडच्या बांबूची,
रेहंज्या पावऱ्यानं टकटक वाजवून निवडलेली.

उखर्डू भोई जाळं झटकत विचारी,
"काय भो, नदीले वारा घाली राह्यना का?"
खरंच होतं ते.
काठी घड्याळातल्या अकरा आणि एकच्या मध्ये.
मागं नेली की थांबायचं, पाठीमागं दोरी
सरळ होईपर्यंत श्वास धरायचा,
मग पुढं.
शिंप्याला हे फार सांगावं लागत नाही.
टाकणं आणि टाका यांत फरक एवढाच
की कापड वाहून जात नाही.

पुढं भिंत उभी राहिली. दारं बसली.
वरचं पाणी निजलं ते निजलंच.
खडस, ज्याला पाण्याच्या उलट चढायची खोड,
उखर्डूच्या जाळ्यात यायचा बंद झाला.
मला लागायचे चालवट, बोटाएवढे.
ओल्या हातानं गळ काढायचा, सोडायचं.
"पकडीसन सोडी देस?" उखर्डू कपाळाला हात लावी.
कच्चा टाका घालतो ना रे आपण,
फिटिंग बघायला, मग उसवतो. तसं.
त्याला ते पटलं नाही. मलाही अर्धंच पटलं होतं.

यंदा पौषात डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
सुईत दोरा जाईना, माशी कसली बांधतो.
पहाटे खुंटीवरचा कोट काढला, थंडी होती म्हणून.
कॉलरमधली ती पहिली माशी तशीच होती,
इतकी वर्षं कधी पाण्याला दाखवली नव्हती.

दारांखाली गळतीचं पाणी दगडांवरून पळतं, तिथं उभा राहिलो.
तिसऱ्या फेकीला माशी टेकली.
टेकली, एवढंच.
मग नदीनं ती आत घेतली.
दोरीचे बारा पदर एकेक करून जागे झाले.
तो खाली उताराला नाही पळाला.
भिंतीकडं ओढत होता. सरळ भिंतीकडं.
पाठ एकदाच वर आली, पिवळट,
खवला जुन्या रुपयाएवढा.
मी काठी वाकू दिली, आणखी वाकू दिली.
दोन केसांचं टोक, ते किती टिकणार.
दातानं दोरा तोडावा तसा आवाज झाला.

काठावर उखर्डू, हातातली विडी विझलेली.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "व्हता रे."

दुकानात येऊन जुनी वही शोधली.
कोट, बाह्या कमी करणे, येणे तीस रुपये.
ती माशी तीसाची तरी असेल, म्हटलं,
खोडून टाकू, हिशोब फिटला.
पेन्सिल उचलली तर बोटं दिसेनात.
ओल्या बाह्या खाली लोंबत होत्या,
दोन बोटं लांब.
काम मी केलंच नव्हतं.