अर्धी जुनी

कॅम्पातल्या फिलोमेना मिस्किता बाईंनी
बिस्किटांच्या डब्यातून काढून दिले
काळ्या लाकडाचे दोन तुकडे.
तिसरा कुठाय, विचारलं.
म्हणाल्या, डोकं फुटलं. एका मे महिन्यात,
पत्र्याखालच्या ट्रंकेत, आपसूक.
आवाज आला, आम्हाला वाटलं पाल पडली.

त्यांचा भाऊ बोटीवर होता.
आयर्लंडच्या कुठल्याशा ओल्या बंदरात,
दारूच्या गुत्त्यात, म्हाताऱ्यांकडून शिकला,
आणि सुट्टीत आला की व्हरांड्यात वाजवायचा
असा पाय आपटत
की कुत्रं उठून गेटापर्यंत जायचं.

सहा भोकं. चावी एकही नाही.
किंमत विचारली तर त्यांनी चष्मा काढला,
तिसऱ्या भोकावर बोट ठेवून बघितलं
आणि थोडा वेळ काढलंच नाही.
"पुरी असती तर पंधरा हजार.
डोकं नाही, चार द्या.
डबा मात्र परत आणा."
मी साडेतीन म्हणालो.
अजून लाज वाटते, पण म्हणालो.

उद्यमबागेत इराप्पा बडिगेर
आठवडाभर लोखंडाचे बुश काढतो,
लाकूड फक्त रविवारी.
आतून एकोणीस मिलिमीटर हवं, मी सांगू लागलो,
त्यानं कॅलिपर कानामागच्या पेन्सिलीसारखा सहज उचलला:
"तू फुंकायचं बघ."
शिसव आणलं होतं खानापूरहून,
कुणाच्या तरी पलंगाचा खूर.
म्हणजे नवं डोकं, तेही कुणीतरी वापरलेलंच;
त्यावर कोण किती वर्षं झोपलं,
कोण झोपलं नाही, कुणास ठाऊक.
लेथवर भुसा उडाला जांभळट,
त्याला वास मात्र गुळाचा.

"होस तली, हळे मै," तो हसला,
नवं डोकं, जुनं अंग.
बिल कानडीत लिहिलं.
मी अक्षर अक्षर जुळवत वाचलं,
एकाच शब्दापाशी अडखळलो नाही: अर्ध.
तो इकडेही तसाच, तिकडेही तसाच.

जोडाला दोरा गुंडाळला
शहापूरच्या मागावरचा, साडीतून उरलेला.
पिसानं आत जवसाचं तेल फिरवलं.
पहिले तीन दिवस नुसती हवा.
सरोजिनी म्हणाली, चुलीशी बसा, काही पेटेल तरी.
चौथ्या रात्री, दहाच्या सुमाराला,
एक सूर निघाला जाड, ओलसर,
विहिरीत कुणी हाक मारावी तसा,
आणि मी घाबरून थांबलो.

मग चाल. मोबाइलवर ऐकून, तुकड्या-तुकड्यानं.
शेजारचे हुद्दार मास्तर, तबल्याचे,
भिंतीपलीकडून मोजत होते:
"सहा मात्रा. दादराच की हा!
पण उतरताना मधली पायरी गाळतो."

डबा परत द्यायला गेलो.
आत पाचशेची नोट ठेवली होती, कागदाखाली.
बाईंनी झाकण उघडून नोट काढली, माझ्या खिशात कोंबली.
"साडेतीन ठरले होते."
मग खुर्ची व्हरांड्यात ओढली.

मी वाजवलं. दोनदा चुकलो,
जोडातून हवा गळत होती, त्यांनाही ऐकू आली असणार.
त्यांनी डोळे मिटले नाहीत,
माझ्या चपलांकडेच बघत राहिल्या.
"पाय," म्हणाल्या.
"पाय आपटा."