मॅट उचलून बघताना

फतेहगंजात घेतली, तेव्हाच कळायला हवं होतं,
पत्त्यातच गंज होता.
हेमांगीचा हा विनोद मी तीन दिवस ऐकतोय.

अकरा हजार. निळी, जुनी, टू-स्ट्रोक.
"घरनी गाडी छे, शिर्केभाई, घरनी,"
नटुभाई म्हणाले, आणि सीटवर हात फिरवला
लग्नाच्या मुलीच्या पाठीवरून फिरवावा तसा.
रंग इतका ताजा की बोटांना वास येत होता.
त्या वासालाच मी भुललो.

घरी येऊन फ्रिजवरचं चुंबक काढलं,
केशर आंब्याचं, तलालाहून आणलेलं.
त्याच्याखालचा दुधाच्या हिशेबाचा कागद पडला.
हँडलखाली चुंबक चिकटलं. डाव्या गालावर चिकटलं.
पायापाशी आलं
आणि सुटलं,
फरशीवर आपटून आंब्याचं देठ मोडलं.
पुन्हा लावलं. पुन्हा सुटलं.
तिथे पत्रा नव्हताच. लांबी होती,
बोटभर लांबी, वरून निळी.

रबरी मॅट उचलली, स्क्रूड्रायव्हर टेकवला,
टोचलासुद्धा नाही, नुसता टेकवला,
आणि पापडासारखा कर्रकन आत गेला.
भोकातून अंगण दिसलं:
मुंग्यांची रांग, चॉकलेटची चांदी.
दोन दिवस मी इथे मुलीला उभी करून ट्यूशनला नेत होतो.

वारसियाला इलियास वेल्डर.
बोलत नाही, ठोकतो आणि ऐकतो.
ठण् झालं की खडू थांबतो,
भद् झालं की खडू पुढे.
रेघ सरकत सरकत सीटखाली गेली.
"लोखंड बोलेल तिथपर्यंत कापायचं," एवढंच म्हणाला,
"आधी थांबलात तर रंगाचे पैसे पाण्यात."

मग ग्राइंडर. मधला फुगवटा उघडला
आणि आतून निघाला गाळ,
वाटीभर, राखाडी, वाळून तडकलेला.
इलियासनं चिमूटभर घेऊन हुंगला.
"विश्वामित्री," म्हणाला,
चेहऱ्यावरून कुणाचं आडनाव ओळखावं तसं.
हेडलाइटची वाटी सोडवली, तर तिच्या आत
तपकिरी रेघ, पट्टीनं मारल्यासारखी सरळ.

नटुभाईंना फोन लावला.
चार शब्द जमवून ठेवले होते,
गुजरातीतलेच, नीट लागावेत म्हणून.
रिंग जात राहिली
आणि मला समा रोडचं आमचं खालचं घर आठवलं,
ओट्याच्या वर दीड वीत अशीच एक रेघ,
जिच्यावर मी दोन हात प्राइमर, एक हात बदामी मारून
घर ठाकोरांना भाड्यानं दिलं.
पाणी आलं होतं का, त्यांच्या म्हातारीनं विचारलं होतं.
रस्त्यापर्यंत, मी म्हणालो होतो.
डिसेंबरात भिंतीनं पोपडे टाकले.
मी ओल म्हणालो. बाथरूमची.

"हलो? शिर्केभाई? गाडी बराबर छे ने?"
"चाले छे," मी म्हणालो.
इलियासनं काच डोळ्यांवर ओढली.

आता खाली जाड पत्र्याचे दोन तुकडे.
शिवण ओबडधोबड. घासून, लांबी भरून देतो,
दिसणारसुद्धा नाही, इलियास म्हणाला.
नको म्हटलं. नुसता रेडऑक्साइड मार.
कमरेपर्यंत निळी, पायात लाल,
अशी स्कूटर कॉलनीत कुणाची नाही, हेमांगी म्हणते.
टाकीत अजून काहीतरी खडखडतंय.
ओव्हरब्रिजच्या चढावर ती दोनदा खोकते
आणि मी ऍक्सिलरेटर न वाढवता थांबतो.

ठाकोरांकडे जायचंय. भाडं आणायला नाही.
अजून गेलो नाही.

चुंबक परत फ्रिजवर आहे, देठाविना.
वेल्डिंगच्या दिवशी ते माझ्या खिशात होतं,
पाठीला ग्राइंडरचा भुसा चिकटलाय,
बारीक, काळी लव, सुरवंटासारखी.
हेमांगी फडकं घेऊन आली.
पूस, म्हणालो,
पण ओल्यानं नको.