रफूला इंग्रजीत

सक्करदऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर,
सातच्या बॅचला फळ्यावर लिहिलं मी:
इम्प्रूव्ह, करेक्ट, रिफॉर्म, अपग्रेड.
म्हटलं, मराठीत सगळ्यांना सुधारणं चालतं,
इंग्रजीत मात्र जागा ठरलेल्या.

सुकेशनी म्हणाली, रिफॉर्म वर्धा रोडच्या जेलात होतेत.
अपग्रेड मोबाइलचं, हे सगळ्यांना पाठ.
इम्प्रूव्हमेंट म्हणताच मागचा बाक हसला.
"सुधारवाल्यांची नोटीस आली होती आमच्या घराले, मॅडम.
झालो न् इम्प्रूव्ह.
आता नाक्याच्या पलीकडं राहतो."

गोळीबार चौकातले पराते काका
एरवी बोलत नाहीत.
माग मोडीत गेला, आता रफू करतात.
"जे बिघडलंच नाही," ते म्हणाले,
"नुसतं फाटलं, त्याले का म्हणतेत?"

मी लिहिलं, मेंड.
त्यांनी वहीत उतरवलं, फुंकर मारली,
मग स्वतःची बाही उलटी करून दाखवली.
"इथं बोटभर भोक होतं.
धागा याच शर्टाच्या शिवणीतला.
बाहेरचा घेतला का रंग वेगळा दिसते."

धरमपेठेतल्या शाळेत
माझं 'मले' खोडून 'मला' केलं होतं बाईंनी.
तो यातला कोणता शब्द, कळलं नाही.

नऊ वाजता खाली ऑटो थांबवला.
"किती घेसान, भाऊ?"
निघालं तोंडातून.
ऑटोवाल्यानं वळूनही पाहिलं नाही.