तिसरा कोळी

आमच्या भाषेत कोळी दोन.
एक कोपऱ्यात जाळं विणतो,
एक पाण्यात टाकतो.

हा तिसरा.
बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर
गुनवोरच्या फाटकापाशी एल्मचं झाड आहे,
आपल्या वावळाचा लांबचा चुलत म्हणा.
त्याच्या पानांत हा राहतो.
जाळं नाही. डोळे नाहीत.
पाय चारच;
कोळ्याच्या कुळात जन्मून उरलेले चार
कुठे ठेवून आला, कुणास ठाऊक.
एका तिळावर दहा-बारा जण ओळीनं झोपतील
आणि कूस बदलायला जागा उरेल.

मे महिन्यात तो कोवळ्या पानाला खालून टोचतो.
पान त्याला झटकत नाही,
त्याच्याभोवती घर बांधतं.
वर हिरवा मणी, खाली दार,
आत बसल्या जागी जेवण.
एल्मचं पान मुळातच देठाशी तिरकं,
बटण चुकलेल्या शर्टासारखं,
त्यावर हे शे-सव्वाशे मणी.
लांबून वाटतं, पानाला घामोळं आलंय.

राग्नवाल्ड, गुनवोरचा धाकटा भाऊ,
चाळीस वर्षं हेरिंग पकडून
होडी विकून बसलेला.
नकाशाचं भिंग घेऊन पाहतो.
"काहीच दिसत नाही."
"मला तरी कुठे दिसतं," गुनवोर म्हणते,
"घरं दिसतात ना, मग कुणीतरी असणारच."

जुलैअखेर शेंड्याची एक फांदी
सगळ्यांच्या आधी पिवळी पडली.
टूवे आली, कमरेला रंगाचा डबा.
डहाळी सोलली, आत तपकिरी रेघा.
भुंग्यानं बुरशी आणली होती,
बेटावर हजारो झाडांत आणली तशीच.
"या मण्यांमुळे तर नाही ना?"
"छे. ते निरुपद्रवी."
"मग त्यांचं काय?"
टूवेनं हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.
तसा रकानाच नव्हता.
तिनं बुंध्याला नारिंगी कडं काढलं
आणि बुधवार सांगितला.

त्या रात्री गुनवोर पुस्तकातून मोठ्यानं वाचत होती:
घर जून झालं की हे बाहेर पडतात,
पानाच्या कडेला येतात,
शेपटीवर उभे राहतात
आणि वाऱ्याची वाट बघतात.
बहुतेक जण कुठेच पोचत नाहीत.

राग्नवाल्डनं कॉफीचा कप खाली ठेवला.
"पुन्हा वाच."
तिनं वाचलं.
"उभे राहतात?"
"असं लिहिलंय."
तो अंगणात गेला, बराच वेळ तोंड वर करून उभा राहिला.
हवा ठप्प होती.
चर्चमागे, ईशान्येला, दुसरं एल्म.
मधे राईचं शेत
आणि कुणाचातरी ट्रॅक्टर.

बुधवारी करवतवाले आले
तेव्हा तो फाटकात आडवा.
आज नको, उद्या या, म्हणाला.
कारण विचारलं तर गुडघा दुखतो म्हणाला.
कुणाच्या गुडघ्याशी झाडाचा काय संबंध,
पण म्हातारा माणूस, बन रुचकर होते,
ते गाडीत बसून निघून गेले.

दुपारी तीनला नैऋत्येकडून वारा सुटला,
त्यानं सांगितला होता तसा.
आधी डब्यावरचं झाकण हललं,
मग वाळत घातलेली चादर, मग एल्म.
दोघं बाकावर बसून पाहत राहिली.
पाहण्यासारखं काही नव्हतं.
राईच्या शेतावरून निव्वळ हवा गेली.

गुरुवारी झाड पडलं.
शुक्रवारी फांद्या जाळल्या,
धूर नेमका उलट दिशेला गेला.

पुढच्या जूनमध्ये
राग्नवाल्ड चर्चमागे गेला, खालची फांदी ओढली.
मणी होते.
पण तिथे आधीपासूनच होते, दरवर्षी असायचे.
त्यातले मूळचे कोण, वाऱ्यावरून आलेले कोण,
कोण सांगणार?
त्यानं पान सोडलं. फांदी वर गेली.

"भिंग विसरलास," गुनवोर म्हणाली.
"मुद्दामच ठेवून आलो," तो म्हणाला.